बँकेचा ई-मेल: पत्ता उजवीकडून वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'केवायसी अपूर्ण, आज संध्याकाळी खाते गोठवले जाईल' असा बँकेच्या नावाचा ई-मेल आला की शुद्धलेखनाच्या चुका शोधा, असा सल्ला अजून दिला जातो. तो आता निरुपयोगी आहे. खोटे मेल हल्ली बिनचूक मराठीतही येतात आणि लोगो बँकेच्याच साइटवरून उचललेला असतो. बघायचा तो पत्ता.

मोबाइलवर पाठवणाऱ्याचे फक्त नाव दिसते. ते कुणीही हवे ते टाकू शकतो. त्या नावावर टिचकी मारल्यावर पूर्ण पत्ता उघडतो. लिंक न उघडता नुसती दाबून धरली, की ती कुठे नेणार तेही कळते. सुरुवातीचे 'एचटीटीपीएस://' सोडून पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्यायचा आणि तो उजवीकडून वाचायचा. 'अमुक.बँक.इन.केवायसी-सेवा.कॉम' यात बँक नुसती शोभेला आहे, साइट 'केवायसी-सेवा.कॉम'वाल्याची. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर जाऊ नये, ते भामट्याच्या साइटलाही फुकट मिळते.

रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना, सहकारी बँकांनासुद्धा, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत संकेतस्थळ 'डॉट बँक डॉट इन'वर नेण्यास सांगितले होते. हा पत्ता फक्त बँकांना मिळतो. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांची खाती घरोघरी आहेत. पतसंस्था ही बँक नव्हे, त्यामुळे तिच्या नावाने असा पत्ता दिसला तर तिथेच थांबावे. मात्र मेल पाठवणाऱ्याचा पत्ता हुबेहूब बँकेचा दिसला तरी तो बनावट असू शकतो. म्हणून लिंक सोडून द्यावी आणि बँकेचे अ‍ॅप उघडावे किंवा पत्ता स्वतः टाइप करावा. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेला असेल आणि तो नेहमीसारखा आपोआप भरला जात नसेल, तर साइट दुसरीच असण्याची शक्यता मोठी.

उद्यमनगरातील कारखान्यांच्या आणि शाहूपुरीतील पेढ्यांच्या हिशेबनिसांनी जोडलेल्या फायलींकडे जास्त लक्ष द्यावे. 'स्टेटमेंट' नावाच्या फाइलच्या शेवटी 'डॉट एचटीएमएल' असेल तर ती उघडूच नये. तिच्यातले लॉगिनचे पान आपल्याच संगणकावरून उघडते, त्यामुळे वरच्या पट्टीत वाचायला साइटचा पत्ताच नसतो. 'डॉट एपीके' तर मोबाइलवर अ‍ॅप बसवते आणि परवानगी दिली की ओटीपीचे संदेश परस्पर वाचते.

माहिती भरून झालीच असेल तर आधी कार्डामागच्या क्रमांकावर फोन करून नेटबँकिंग व कार्ड बंद करावे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावावा. रक्कम, वेळ आणि यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक हाताशी ठेवावा. रक्कम पुढच्या खात्यात पडून असेल तोवरच ती रोखता येते. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावा, मेल मात्र पुसू नये, तो पुरावा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः पासवर्ड वा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. तेव्हा तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्यावी.

बँकांचेही चुकते. ग्राहकांना सावध करणाऱ्या मेलमध्येच 'येथे लॉगिन करा' असे बटण दिले जाते. ते काढून टाकावे आणि संकेतस्थळाचा पत्ता पासबुकाच्या पहिल्या पानावर ठळक छापावा, ही जिल्ह्यातील बँकांना आपल्या पत्रामार्फत विनंती.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर