रविवारची तेर सहल : सभासदांसाठी आठवण

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी आपली धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची सहल आहे. बस लातूरहून सकाळी बरोबर सहाला सुटेल. मागच्या वेळी पाऊण तास एकाच माणसाची वाट पाहिली. तो माणूस मीच होतो, तेव्हा यंदा कुणाचीही गय नाही.

आधी रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय. हस्तिदंती बाहुली घाईने पाहू नका. उंची लहानच, पण केशरचना आणि दागिने जवळून बघा. इटलीतल्या पाँपेईला 1938 साली सापडलेली मूर्ती हिच्याच घराण्यातली वाटते. तेर म्हणजे जुने तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या बरोबरीने त्याचे नाव येते आणि इथले कापड गाड्यांवर लादून गुजरातेतल्या भडोचच्या बंदरात जायचे, अशी नोंद आहे. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकटही संग्रहालयातच आहे. माझ्या मते अर्धा तास तिच्यापुढेच जावा.

नंतर त्रिविक्रम मंदिर. मागची बाजू गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखी गोलसर, बांधकाम विटांचे. मूळचे बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह असावे, असे अभ्यासक मानतात. भिंतीला हात लावू नका, विटा झिजतात.

जेवण गावातच : भाकरी, पिठलं, ठेचा. संध्याकाळी गोरोबाकाकांच्या मंदिरात भजन ऐकून परत.

जागा 25, फक्त सभासदांसाठी. पाहुणे आणायचे असतील तर आधी विचारा. नावे गुरुवारपर्यंत कळवा. टोपी, पाण्याची बाटली आणि सभासद कार्ड सोबत ठेवा. संग्रहालयात फोटोची परवानगी तिथेच विचारू.

– सचिव