मुंडकाराचं कूळ कसं झालं?

माननीय संपादक,

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात मागे एका वाचकांचं पत्र आलं होतं. गोव्यातले मराठी कथाकार संवादांत कोकणी घुसडतात, सह्याद्रीपलीकडच्या वाचकाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा यांनी एक तर सरळ मराठी लिहावं नाहीतर सरळ कोकणीत जावं, असा त्यांचा सल्ला होता. पत्रात माझं नाव नव्हतं, पण अंगाला लावून घ्यायला मला नाव लागत नाही. दोनदा उत्तर लिहिलं, दोन्हीदा चिडून लिहिलं म्हणून फाडलं. मग पाऊस लागला, घरात बसून थोडं वाचलं, दोन सिनेमे पाहिले आणि राग निवला. आता लिहितो.

उद्धव शेळके यांची 'धग' विशीत वाचली होती, ती या पावसाळ्यात पुन्हा काढली. १९६० सालची कादंबरी. त्यातली कौतिक वऱ्हाडी बोलते आणि कुणासाठी थांबून बोलत नाही. मी अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या परिसरात वाढलेला, वऱ्हाडाची माझी ओळख तिच्यापासूनच सुरू होते. सुरुवातीची काही पानं अडखळलो. कितीतरी शब्द अंदाजानंच पुढे नेले, काहींचा अर्थ अजून नक्की ठाऊक नाही. पण नवऱ्याचा रोग, पोरांची पोटं आणि त्या बाईची न संपणारी ओढाताण यांत एकदा सापडल्यावर शब्द अडल्याचं भानच राहिलं नाही. शेळक्यांनी कौतिकला माझ्यासाठी पुणेरी बोलायला लावलं असतं, तर मला ती जास्त 'कळली' असती आणि चार दिवसांत विसरली असती. वऱ्हाडीसाठी गोव्यातला वाचक थांबू शकतो, तर कोकणीसाठी अमरावतीच्या वाचकानं थोडं थांबायला काय हरकत आहे?

दुसरं म्हणजे 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणे यांचा, एका शाहिरावरच्या खटल्याचा हा २०१४ सालचा सिनेमा तेव्हा पाहायचा राहून गेला होता. मुलीनं टीव्हीवर लावून दिला. शेजारी आई बसलेली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणजे खाली येणाऱ्या भाषांतराच्या पट्टीचा तिला उपयोग शून्य. पण मराठी, हिंदी ती कानानं पकडत होती. बचाव पक्षाच्या वकिलाला मराठी नीट येत नाही, हे तिला माझ्याआधी कळलं. तो आईवडिलांच्या घरी गेला आणि गुजराती सुरू झालं, तेव्हा म्हणाली, "हो आमच्यांतलो न्हय." सरकारी वकील बाई कोर्टात जुनी कलमं इंग्रजीत घडाघडा वाचतात आणि संध्याकाळी लोकलमध्ये बसून साडी नि स्वयंपाकाच्या गप्पा मराठीत मारतात. तिथं आईनं मान हलवली. "आतां ही घरा वचून रांदतली." आणि बाई घरी जाऊन रांधायलाच लागल्या.

पट्टीवर मात्र हे सगळं एकाच पांढऱ्या इंग्रजीत येत होतं. शाहिराची मराठी, न्यायाधीशांची हिंदी, वकिलाच्या घरची गुजराती, सगळं एका मापात. परदेशातल्या प्रेक्षकाला खटला कळला असेल. कोण कुठल्या भाषेत पाहुणा आहे, हे त्याला कितपत ऐकू आलं असेल? पट्टी न वाचणाऱ्या माझ्या आईला ते ऐकू आलं.

त्याच रात्री मला माझी एक जुनी जखम आठवली. कथा पुण्याच्या एका दिवाळी अंकाकडे पाठवली होती. छापून आली तेव्हा 'पोदेर' चा 'पाववाला' झाला होता. ते मी सोसलं, जरी पहाटे सायकलवरून पों पों करत येतो तो माझ्या कानांत पोदेरच असतो. 'कुळागरा'ची 'बाग' झाली होती, तेही गिळलं. पण 'मुंडकारा'चं 'कूळ' झालं होतं, आणि तिथं कथाच मेली. कूळ कसतो ती जमीन. मुंडकार राहतो ते घर, भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात, बहुधा माडांच्या राखणीला म्हणून पिढ्यान् पिढ्या बसवलेलं. आमच्याकडे कायदेसुद्धा वेगळे आहेत. कुळांचा १९६४ चा, मुंडकारांचा १९७५ चा. माझ्या कथेतल्या म्हातारीचं भांडण एका चुलीचं आहे. तिला त्या चुलीवरचं छप्पर पावसाच्या आधी शाकारायचं आहे आणि भाटकार नाही म्हणतो. तिला कूळ केल्यावर वाचक विचारणारच, बाईचं शेत कुठंय? एका वाचकानं खरंच विचारलं. संपादकांना पत्र लिहिलं, त्यांचं सौजन्यपूर्ण उत्तर आलं की सर्वसामान्य वाचकाला समजावं म्हणून बदल केला. म्हणजे माझ्या कथेच्या खाली पट्टी लावली होती, आणि वरचा आवाज बंद केला होता.

माझं असं म्हणणं नाही की वाचकाला अंधारात सोडावं. 'मुंडकार' शब्द आला की पुढच्या दोन वाक्यांत म्हातारी ज्या माडाखाली बसते तो तिचा नाही, हे दिसलं पाहिजे. ते काम कथेनं करायचं, कंसानं नाही. ते मला त्या कथेत नीट जमलं होतं का? पुन्हा वाचताना वाटलं, अर्धंच जमलं होतं. तेवढा दोष माझा.

दुसरा सिनेमा आमच्या मातीतला, लक्ष्मीकांत शेटगांवकर यांचा 'पलतडचो मनीस', महाबळेश्वर सैल यांच्या 'अदृष्ट' कादंबरीवरून केलेला. २००९ साली टोरांटोच्या महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला होता. घाटातल्या रानात एकटा राहणारा विधुर वनरक्षक एका वेड्या बाईला आसरा देतो आणि गाव त्याच्यावर उलटतं. ती बाई झाली आहे वीणा जामकर, म्हणजे मराठीतली नटी कोकणी सिनेमात. सगळ्यांत जास्त लक्षात राहिली ती तीच, आणि तिच्या वाट्याला संवाद फार थोडे. दोन भाषांच्या भांडणात पात्राला गप्प ठेवण्याचा तिसरा मार्ग असतो, हे मला पंचवीस वर्षं कथा लिहून सुचलं नव्हतं. आणि 'पलतड' ला मराठीत काय म्हणाल? पलीकडचा तीर. अर्थ तोच, पण मध्ये पाणी राहत नाही.

'सरळ कोकणीत जा' या सल्ल्याबद्दल एवढंच. कवी बा. भ. बोरकरांना साहित्य अकादमीचा पुरस्कार १९८१ साली मिळाला तो कोकणी कवितेसाठी, आणि पुढच्याच वर्षी कथाकार लक्ष्मणराव सरदेसाईंना मिळाला तोही कोकणीसाठी. दोघांची मराठी वाचकाला वेगळी ओळख करून द्यायला नको. एका लेखणीत दोन भाषा नांदल्याचं आमच्याकडे कुणाला नवल नाही. गोव्याच्या राजभाषेचा वाद मी मुद्दाम इथं काढत नाही, तो काढणारे पुष्कळ आहेत.

पत्रलेखकांचं एक मात्र मान्य. माझ्या एका कथेत साताऱ्याहून बदली होऊन आलेला बँक अधिकारी दुसऱ्याच आठवड्यात अस्खलित कोकणी बोलतो. त्याला ती मी का बोलायला लावली, मलाच आठवत नाही. संग्रहाची मुद्रितं सध्या टेबलावर आहेत. त्याचे चारही संवाद साताऱ्याच्या मराठीत केले आहेत, आणि म्हातारी पुन्हा मुंडकार झाली आहे. पोदेराचं अजून ठरत नाही.

आपला,
एक कथालेखक, फोंडा
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये.)