परवा कुठे गेली नाहीस?

प्रिय मनू,

काल जेवताना तू आपणहून इंग्रजीत बोलायला लागलीस. परवाचं काहीतरी सांगत होतीस. "आय डिड नॉट वेंट..." एवढं म्हणालीस आणि मी लगेच तोडलं, "वेंट नाही, गो." तू "जाऊ दे, मला नाही येत" म्हणून उठलीस. तू कुठे गेली नाहीस आणि का, ते राहूनच गेलं. रात्रभर मला तेच टोचत होतं.

तुला येत नाही, असं नाही. पेपरात तू हेच वाक्य बरोबर लिहितेस. गोष्ट होऊन गेलेली आहे हे तुला पक्कं ठाऊक होतं, म्हणून भूतकाळ 'डिड'मध्येही आला आणि 'वेंट'मध्येही. इंग्रजी ज्यांच्या घरचीच भाषा आहे, त्यांची लहान मुलंसुद्धा 'वेंट'च्या जागी 'गोएड' म्हणतात. नियम हाताला लागला की तो जास्तीच्या ठिकाणीही लावला जातो.

अडखळण्याचं एक कारण मला फार उशिरा उमगलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य सुरू करून पुढचं ठरवायला वेळ मिळतो. इंग्रजीत 'आय' म्हटलं की पाठोपाठ क्रियापद हवं, तेही काळासकट. प्रश्न विचारताना आपण शेवटी 'का' जोडतो; तिथे डू, डज की डिड हे तोंड उघडण्याआधीच ठरवावं लागतं. 'अ' आणि 'द' कुठे लावायचे हा आणखी एक घोळ, कारण मराठीत तसे शब्दच नाहीत. लिहिताना खोडता येतं. बोलताना समोरचा बघत असतो.

आणि मी थांबत नाही. अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. ते ३ सेकंद थांबू लागले, तर मुलांची उत्तरं लांबली. मी तर तेवढंही थांबले नाही.

वर्गातली मुलं हसतील, असं तू मागे म्हणाली होतीस. तेव्हा मी "त्यात काय घाबरायचं" म्हणाले, ते चुकलं. १९८६ साली इलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परकी भाषा शिकताना वाटणाऱ्या धास्तीवर ३३ विधानांची प्रश्नावली केली. त्यात नेमकी हीच भीती आहे. शिकणाऱ्या मोठ्यांनाही ती वाटते.

उच्चारांचं नंतर बघू. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू होतो. आरशासमोर दोघी करून पाहू. त्याची घाई नाही.

आज रात्री मी मध्ये बोलणार नाही. शब्द अडला तर मराठी घाल आणि पुढे जा. चुकून मी तोंड उघडलंच, तर सरळ हात वर कर.

परवा तू कुठे गेली नाहीस, ते मला ऐकायचं आहे.

तुझी,
आई