आश्रयासाठी कायदा हवा, परिपत्रके पुरत नाहीत

महोदय,

१ सप्टेंबर २०२५ पासून देशात आप्रवास व परकीय नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यासह चार जुने कायदे त्याने मोडीत काढले. इंग्रजांच्या काळातले कायदे गेले, हे चांगलेच झाले. पण जीव वाचवण्यासाठी स्वतःचा देश सोडून आलेल्या माणसाने अर्ज कुठे करायचा, त्याचे म्हणणे कोणी ऐकायचे आणि अर्ज फेटाळला तर दाद कोणाकडे मागायची, या प्रश्नांना नव्या कायद्यातही उत्तर नाही. जुन्या कायद्याला पर्यटक, व्यापारी आणि निर्वासित सगळे सारखेच, म्हणजे फक्त 'परकीय' होते. नव्यातही तेच आहे.

आम्हा पुणेकरांना हा विषय दूरचा वाटायला नको. अफगाणिस्तानातली मुले वर्षानुवर्षे इथे शिकायला येत आहेत. आमच्या घरातही अशी एक विद्यार्थिनी भाड्याने राहते. परदेशी भाडेकरू ठेवला की घरमालकाला चोवीस तासांत त्याची माहिती परकीयांच्या नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते, त्यामुळे तिची कागदपत्रे मी जवळून पाहिली आहेत. कॉलेजचे बोनाफाइड, भाडेकरार, आमच्या नावाचे लाइट बिल, पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो असे सगळे तिने फाइलला नीट लावून ठेवले आहे. अडचण पासपोर्टची आहे. त्याची मुदत संपत आली आहे आणि चालू पासपोर्टाशिवाय मुक्कामाची परवानगी वाढवून मिळणे कठीण. नवा पासपोर्ट आणायचा कुठून? तालिबानपूर्व सरकारचे अधिकारी चालवत असलेला दिल्लीतला अफगाण दूतावास त्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद केला. वर्षभराने मुंबईच्या वाणिज्य दूतावासात तालिबानने आपला माणूस नेमला. ज्यांच्या राजवटीने डिसेंबर २०२२ मध्ये मुलींना विद्यापीठाचे दार बंद केले, त्यांच्याच प्रतिनिधीसमोर या मुलीने नाव, पत्ता आणि काबूलमधल्या घरच्यांचे तपशील घेऊन उभे राहायचे! ती जायला घाबरते आणि तिला 'जा' म्हणण्याचा धीर मला होत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये काय झाले तेही आठवून पाहावे. काबूल पडल्यावर दोन दिवसांत आपल्या सरकारने अफगाणांसाठी तातडीचा ई-व्हिसा जाहीर केला, ही दिलाशाची गोष्ट होती. त्यानंतर आठवडाभराने भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द झाले. करोनामुळे घरी गेलेले आणि पुण्या-दिल्लीच्या कॉलेजांत रीतसर प्रवेश असलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. सुरक्षेची काळजी सरकारने घ्यायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. मात्र एकेकाचे प्रकरण तपासण्याची यंत्रणाच नसली की सगळ्यांना एकाच फटकाऱ्यात बाद करणे एवढाच मार्ग हाती उरतो.

नव्या कायद्याबरोबर निघालेला सवलतीचा आदेशही काळजीपूर्वक वाचण्यासारखा आहे. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांकडे कागदपत्रे नसली तरी त्यांच्यावर कारवाई होणार नाही, असे तो म्हणतो. अनेकांची यात गल्लत होते, म्हणून सांगते: ही कारवाईपासून सूट आहे, नागरिकत्व नव्हे. याच लोकांना नागरिकत्वाची वाट देणाऱ्या २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यातली मुदत ३१ डिसेंबर २०१४ हीच आहे. श्रीलंकेतल्या नोंदणीकृत तमिळ निर्वासितांसाठी या आदेशात ९ जानेवारी २०१५ ही वेगळीच तारीख आहे आणि नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात तर त्यांना जागाच नाही. ज्यांना सूट मिळाली त्यांना ती मिळायलाच हवी होती. पण तालिबानच्या भीतीने आलेली हजारा या अफगाण शिया समाजातली स्त्री किंवा तिकडचा पत्रकार या यादीत बसत नाही. माणूस कोणत्या धर्माचा आणि कोणत्या तारखेला आला, हे विचारण्याआधी परत पाठवले तर त्याच्या जिवाला धोका आहे का, हे विचारले पाहिजे.

हा प्रश्न आपल्या गृह मंत्रालयाला ठाऊक नाही असे नाही. छळाची भीती खरी वाटली तर दीर्घ मुदतीचा व्हिसा देता येईल, अशी कार्यपद्धती मंत्रालयाने २०११ मध्येच घालून दिली आणि त्यात वंश, धर्म, लिंग, राजकीय मत या सगळ्यांचा विचार आहे. मात्र ती कार्यपद्धती म्हणजे प्रशासकीय सूचना आहे. एका परिपत्रकाने दिलेले दुसऱ्या परिपत्रकाने काढून घेता येते आणि अर्जदाराला त्यावर हक्क सांगता येत नाही. पूर्व पाकिस्तानातून अरुणाचलात आलेल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे की घटनेच्या कलम २१ चे, म्हणजे जगण्याच्या हक्काचे, संरक्षण परकीयांनाही आहे. तरी प्रत्येक माणसाने त्यासाठी कोर्टाची पायरी चढायची, हे परवडणारे नाही.

'आपलेच लोक कमी आहेत का, ही जबाबदारी आपण का घ्यायची,' असे लोक विचारतात. दुसऱ्या महायुद्धात सैबेरियाच्या छावण्यांतून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले. त्यांत बायका-मुलेच जास्त होती. ते गेल्यावर त्याच वसाहतीत सिंधी निर्वासित आले आणि तिचे गांधीनगर झाले. आज तिथली कापडाची बाजारपेठ पश्चिम महाराष्ट्राला माहीत आहे. कल्याणच्या लष्करी छावणीतून उल्हासनगर उभे राहिले. निर्वासितांना सामावून घेणे महाराष्ट्राला नवे नाही.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि ती आज उद्या होईल असेही नाही. देशांतर्गत कायदा करायला मात्र त्या सहीची गरज नाही. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये लोकसभेत आश्रयविषयक खासगी विधेयक मांडले होते. ते तसेच राहून गेले. महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा खासदारांपैकी, पक्ष कोणताही असो, कोणीतरी हा विषय पुन्हा सभागृहात आणावा. आणि तोवर निदान एवढे व्हावे: ज्या विद्यार्थ्यांना पासपोर्टसाठी तालिबानच्या प्रतिनिधीकडे जाणे धोक्याचे आहे, त्यांना मुदत संपलेल्या पासपोर्टवरही मुक्कामाची परवानगी वाढवून मिळेल, असा स्पष्ट लेखी आदेश गृह मंत्रालयाने काढावा. त्यासाठी विद्यापीठांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या वतीने मंत्रालयाला पत्र लिहावे. हे विद्यार्थी स्वतः पत्र लिहायला धजत नाहीत.

– एक वाचक, औंध, पुणे