म्हाताऱ्या माणसांचंही वजन करा

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

सप्टेंबरात पोषण माह झाला. २०१८ पासून दरवर्षी होतो. रांगोळ्या, पाककृती स्पर्धा, गरोदर मातांची ओटीभरण, मुलांची वजनं, सगळं झालं. लगोलग १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनही झाला, शाल-श्रीफळ वाटून. दोन्ही कार्यक्रमांना मी हजर होते. म्हातारी माणसं रोज काय खातात, हा विषय मात्र दोन्हीकडे कुणाच्या तोंडून निघाला नाही. म्हणून हे पत्र.

मी चौतीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. झोळीच्या काट्यावर पोरं टांगून वजनं केली, दंडाला पट्टी लावून मापं घेतली. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत दंड भरला की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, मग त्या पोरामागे धावायचं. एवढं करूनही माझ्याच घरातलं कुपोषण मला दिसलं नाही, ही गोष्ट मनाला फार लागली आहे.

सासूबाई ८२ वर्षांच्या. सासरे गेले, त्यात कवळी सैल झाली, तशी त्यांनी भाकरी सोडली. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी मऊ भात आणि आमटीचं वरचं पाणी, चार वाजता पुन्हा चहा, रात्री पेज. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मला आता कितीसं लागतंय गं?" आम्हालाही ते पटायचं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, चोळीच्या बाह्या दोनदा आत घेतल्या, तरी वय झालं की असंच, म्हणून सोडून दिलं. मग एक दिवस न्हाणीत बसल्या त्या उठेचनात. हाड मोडलं नव्हतं, पायात जोरच नव्हता. ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी शक्तीची बाटली लिहून दिली आणि सांगितलं, हलकं खायला द्या.

हलकं म्हणजे नेमकं काय, हे कुणी सांगत नाही. घरोघरी त्याचा अर्थ भात, पेज, साबुदाणा, बिस्किटं असाच होतो. पोट भरतं, पण अंगाला लागेल असं त्यात फार थोडं असतं. वय वाढतं तशी हालचाल मंदावते, उष्मांक कमी लागतात हे खरं. प्रथिनांची गरज मात्र कमी होत नाही. आपल्या आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, प्रौढ माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वृद्धांचा अभ्यास करणारे तज्ज्ञ त्यांच्यासाठी त्याहून जास्त, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम धरतात, कारण म्हातारपणी खाल्लेल्यातून स्नायू बांधायची शरीराची ताकदच कमी होते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच, हे ओघानं आलं. सासूबाईंचं वजन भरलं ३८ किलो. म्हणजे निदान ३८ ग्रॅम तरी हवीत. मी पाटीवर हिशेब मांडला, तो वीस ग्रॅमच्या वर जाईना.

त्या माळकरी. अंडं-मटण सोडाच, महिन्याच्या दोन्ही एकादशा कडक. त्यांची श्रद्धा मला मोडायची नव्हती आणि मोडायची गरजही पडली नाही. उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा, दूध, दाण्याची आमटी चालतेच की. एरवी भाकरी दुधात कुस्करून, मुगाचं मऊ धिरडं, पातळ पिठलं, सगळ्या भाज्यांत दाण्याचा बारीक कूट, जेवताना वाटीभर दही. डाळीचं पाणी वर वर न घेता तळापासून ढवळून वाढायचं. कपभर दूध सहा ग्रॅम, मूठभर दाण्याचा कूट सात ग्रॅम, असं करत चाळिसापर्यंत जाता येतं. आणि ते तिन्ही वेळेला थोडं थोडं वाटून द्यायचं, एकदम रात्री नाही. ज्यांच्या घरी अंडं चालतं त्यांचं काम आणखी सोपं.

एक गोष्ट मात्र ताटातून भरून निघाली नाही, ती म्हणजे बी-१२. त्यांच्या पायाला मुंग्या यायच्या, जीभ सोलवटायची, नावं आठवायची नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा बी-१२ फारच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू केली. हे जीवनसत्त्व फक्त प्राणिज पदार्थांतून मिळतं, शाकाहाऱ्याला दूध-दह्याचाच आधार, आणि उतारवयात पोटातलं आम्ल कमी झालं की खाल्लेलंही नीट शोषलं जात नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी घटतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिक यांच्या गटानं पुणे आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळलं. म्हणजे हे दुखणं साठीनंतर सुरू होत नाही.

बायकांच्या बाबतीत तर मुळीच नाही. आमच्या सासूबाईंनी उभा जन्म सगळ्यांच्या मागून जेवण केलं. पातेल्यात उरेल ते. पाळी चालू असते तोवर बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. पाळी गेली की लोहाची गरज उतरते आणि कॅल्शियमची हजारावरून बाराशे मिलिग्रॅमवर जाते, कारण हाडं झिजायला लागतात. हाडांची कमाई साधारण तिशीपर्यंतच होते, पुढे सगळा खर्च. माझी सून तिशीची आहे. तिलाही आता मी माझ्याबरोबरच ताटावर बसवते, नाचणीची भाकरी आणि दुधासकट.

सरकारकडे माझं मागणं मोठं नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं, पण त्यात डाळ नाही. श्रावणबाळ योजनेच्या दीड हजारात एकट्या म्हातारीनं औषध घ्यावं की दूध? मुलांसाठी १९७५ पासून अंगणवाडी आहे. तमिळनाडूत ऐंशीच्या दशकापासून वृद्ध पेन्शनधारकांनाही पोषण आहार केंद्रात दुपारचं जेवण मिळतं. आपल्याकडे निदान एकट्या राहणाऱ्यांपासून सुरुवात करता येईल. मात्र ते काम सेविका-मदतनिसांवर फुकटात लादू नका, एवढं मी हक्कानं सांगते.

आणि तोवर एक काम पैशाशिवाय होण्यासारखं आहे. आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचा मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांच्या तपासणीचा फॉर्म भरताना टेपनं कंबर मोजतात. साठीपुढच्या माणसाची त्याच टेपनं पोटरीही मोजावी आणि वजन लिहून ठेवावं. माझी पुतणी नर्स आहे, तिनं मला हे शिकवलं. पोटरीचा सगळ्यात जाड भाग ३१ सेंटिमीटरच्या आत भरला की स्नायू झिजल्याची खूण समजायची. पायावर सूज असेल तर माप फसतं, तेवढं बघायचं. सासूबाईंची पोटरी भरली होती २७. सहा महिने जेवण बदललं, रोज सकाळी खुर्चीवरून दहा वेळा उठबस करून घेतली, कारण नुसतं खाऊन स्नायू धरत नाहीत. परवा मोजली, साडेअठ्ठावीस भरली. वजन ४१. काल त्या न्हाणीतून एकट्या उठून आल्या.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
ता. वाळवा, जि. सांगली