जुन्या गिटारीचे भाग फेकून देऊ नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुन्या इलेक्ट्रिक गिटारींना लिलावात मिळणाऱ्या किमतींविषयी आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे, परंतु तो वाचून या वाद्यांचे मोल केवळ त्यांच्या वयात किंवा आधीच्या मालकाच्या नावात आहे, असा समज होऊ शकतो. 'पिंक फ्लॉइड' या बँडचे गिटारवादक डेव्हिड गिलमोर यांची काळी स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार) 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 39 लाख 75 हजार डॉलरना विकली गेली हे खरे. मात्र तिची मान आणि पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारे चुंबकी भाग, त्यांनी अनेक वेळा बदलले होते, तेव्हा ती किंमत वाजवणाऱ्याच्या कर्तृत्वाची होती. आवाजाचे मोल निराळे, आणि ते मला माझ्याच घरी, नुकसान सोसून कळले.

माझे काका व्यापारी जहाजावर नोकरीला होते. 1970 नंतरच्या एका सफरीत त्यांनी अमेरिकेतल्या बंदरातून फेंडर कंपनीची 'मस्टँग' गिटार कुणाच्या तरी हातची, जुनीच, विकत आणली आणि पुढे कित्येक वर्षे गणेशोत्सवात गिरगावातल्या मांडवांमध्ये ती वाजवली. माझ्याकडे आली तेव्हा आवाजाचे बटण फिरवले की खरखर येई आणि मानेकडचा पिकअप मुका झालेला होता. मी ती दुरुस्तीला दिली आणि महिन्याभराने ती मोटारीच्या रंगाने चकचकीत होऊन परत आली. मुका पिकअप टाकून देऊन त्याजागी नवा, अधिक जोराचा पिकअप बसवला होता. दुसरा चालू होता, म्हणून तेवढा वाचला.

मस्टँगच्या प्रत्येक पिकअपला स्वतंत्र सरकता खटका असतो आणि तो एका टोकाला नेला की त्या पिकअपचा प्रवाह उलटा होतो. एक सुलट आणि एक उलट असे दोन्ही एकदम लावले, की दोघांतला समान आवाज एकमेकांना छेदतो आणि उरतो तो पोकळ, किंचित नाकातून आल्यासारखा बारीक स्वर. काका संथ गाण्यांच्या मधल्या जागा याच स्वरात भरत. पण ही वजाबाकी साधायला दोन्ही पिकअप जवळपास सारख्या ताकदीचे लागतात. आता नवा पिकअप जुन्याला दाबून टाकतो आणि खटका कसाही सरकवला तरी तो स्वर काही निघत नाही. ब्रिटिश गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या 1959 सालच्या, गिब्सन कंपनीच्या 'लेस पॉल' गिटारीमध्येही एका पिकअपचे चुंबक असेच उलटे आहे. ती गिटार पुढे गॅरी मूर आणि मग कर्क हॅमेट या गिटारवादकांकडे गेली, पण तो 'दोष' आजही जागेवर आहे.

पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की त्यात अगदी क्षीण प्रवाह उमटतो. वेढे वाढवले तर आवाज मोठा होतो, पण त्याची वरची धार बोथट होते. कॅलिफोर्नियातील फुलर्टनच्या फेंडर कारखान्यात 1950 च्या दशकात आणि 60 च्या दशकाच्या सुरुवातीस ही तार यंत्रावर हाताने सोडली जाई आणि हे काम बहुतांशी स्त्रिया करीत. हाताचा ताण कमीजास्त होई, वेढे एकावर एक विस्कटून पडत, त्यामुळे एक पिकअप दुसऱ्यासारखा निघत नसे. गिब्सनच्या मिशिगन राज्यातील कॅलमझू येथील कारखान्यातही, तिथले अभियंते सेथ लव्हर यांच्या 1957 पासून बसवल्या जाऊ लागलेल्या दुहेरी पिकअपमध्ये दोन वेटोळ्यांचे वेढे पुष्कळदा कमीजास्त असत. जुन्या लाकडाचा वाटा किती, यावर जाणकारांचे एकमत नाही आणि त्या वादात मला शिरायचे नाही. पण मूळ वेटोळे एकदा कचऱ्यात गेले की तसेच दुसरे मिळत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

गेल्या वर्षी मी गिटारीचा पत्रा उघडला. टोनचा पॉट, म्हणजे स्वराची धार कमीजास्त करणाऱ्या बटणाखालचा भाग, मूळचाच निघाला, आणि त्याच्या पाठीवर 1376634 हा आकडा होता. त्यातील 137 ही उत्पादकाची खूण, 66 हे साल आणि 34 हा आठवडा. फेंडरने 1966 मध्ये हे पॉट घाऊक घेऊन पुढे काही वर्षे वापरले, तेव्हा गिटार त्याहून दोन-तीन वर्षे धाकटीही असू शकेल. जानेवारी 1965 मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतल्यानंतरच्या गिटारींना संग्राहक कमी लेखतात. मला ते पटत नाही, निदान या गिटारीच्या बाबतीत तरी नाही.

मिरजेच्या कारागिराकडे जुना तंबोरा नेला तर तो जवारी नीट लावून देतो, पॉलिश उडाले म्हणून भोपळा बदलत नाही. हीच रीत इलेक्ट्रिक गिटारीला का लागू नये? बटणाची खरखर बहुतेक वेळा पॉट साफ केल्याने जाते. मुक्या पिकअपची तुटलेली तार टोकाशी सापडली तर डाग देऊन भागते आणि आत तुटली असेल तर मूळ चुंबकांवरच त्याच जाडीच्या तारेचे नवे वेढे घालता येतात. मुंबई, पुणे आणि गोव्यात ऑर्केस्ट्राच्या काळातल्या अशा गिटारी आजही काही घरांत माळ्यावर असतील. त्या दुरुस्तीला देताना 'रंग देऊ नये, काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा' असे मालकांनी लिहून द्यावे आणि कारागिरांनीही तो भाग, मग तो कितीही निरुपयोगी दिसो, पुडीत बांधून गिटारीबरोबर द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई