शिक्षेला स्थगिती मिळाली, हे फिर्यादीला कोण कळवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जबरी चोरीत शिक्षा झालेला माणूस अपील सुरू असताना शिक्षेला स्थगिती मिळून जामिनावर सुटला, की लोक कोर्टाच्या नावाने बोटं मोडतात. राग समजतो, पण तो चुकीच्या जागी निघतो. अपील हा हक्क आहे. सात-दहा वर्षांच्या शिक्षेवरचं अपील सुनावणीला यायलाच वर्षं लागणार असतील, तर माणूस शिक्षा भोगून बाहेर येईल आणि मग निर्दोष ठरेल. त्याचा काय उपयोग? गुजरातमधल्या एका खटल्यात जबरी चोरीसाठी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 392 आणि 397 खाली दहा वर्षांची सक्तमजुरी झाली होती. त्यात 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ठरावीक मुदतीच्या शिक्षेला स्थगिती देताना उदार दृष्टी ठेवावी, आणि स्थगिती देता येत नसेल तर अपील लवकर ऐकावं. यातला दुसरा भाग आपण विसरलो. पुण्याच्या सत्र न्यायालयातली अपिलं आजही मुंबईलाच जातात. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं, पण त्यात पुणे जिल्हा नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. सहकारनगरला राहणाऱ्या माझ्या आत्याच्या गळ्यातलं मंगळसूत्र दोघांनी कोयता दाखवून ओढलं. मानेवरचा वळ महिनाभर गेला नाही. ती ओळख परेडला येरवड्याला गेली, शिवाजीनगर कोर्टात तारखेमागून तारखा बाकावर बसून राहिली. ‘तेव्हा डोळ्यांवर चष्मा होता का?’ हे उलटतपासणीत तिला फिरवून फिरवून विचारलं, तरी ती डगमगली नाही. शिक्षा झाली. पुढे त्यातला एक जण तिला भाजीच्या गाडीपाशी समोरासमोर दिसला, तेव्हा कळलं की शिक्षेला स्थगिती मिळाली आहे. त्या दिवसापासून ती संध्याकाळी एकटी बाहेर पडत नाही.

कायद्यात वाट नाही असं नाही. दरोडा किंवा दुखापत करून केलेली जबरी चोरी यांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. अशा गुन्ह्यांत स्थगिती देऊन सोडण्याआधी सरकारी वकिलांना लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते ठरवणाऱ्या कायद्याचं, कलम 430 सांगतं. सुटल्यावर जामीन रद्द करण्यासाठी अर्जही करता येतो. पण ज्या बाईने साक्ष दिली तिला आरोपी सुटल्याचंच माहीत नसेल, तर तिला धमकी आली का, तो तिच्या गल्लीत फिरतो का, हे सरकारी वकिलांना सांगणार कोण? उत्तर प्रदेशात आंदोलक शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या लखीमपूर खेरी प्रकरणात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर बाजू मांडायचा हक्क असल्याचं स्पष्ट केलं. ज्याला अर्ज आल्याचंच कळत नाही, तो बाजू कधी मांडणार?

कोयता, सुरा दाखवून केलेल्या गुन्ह्यांत तरी स्थगितीचा अर्ज आला की पोलीस ठाण्याने फिर्यादीला कळवावं आणि तिचं म्हणणं सरकारी वकिलांपर्यंत पोहोचवावं. स्थगिती मिळालीच, तर फिर्यादीच्या वस्तीत पाऊल ठेवायचं नाही आणि ठाण्यात ठरल्या दिवशी हजेरी लावायची, या अटी सरकारी वकिलांनी आग्रहाने मागाव्यात. आदेश झाला त्याच दिवशी फिर्यादीला फोन जावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. पोलीस आयुक्तांचं एक परिपत्रक पुरे.

आपला,
एक वाचक, सहकारनगर, पुणे